बिनठिगळ

कडवं एका दमात म्हणायचं, तुकडे जोडायचे नाहीत, हा त्यांच्या रॅप गटाचा तरुणपणापासूनचा नेम. गटाचं नावच त्यांनी ‘बिनठिगळ’ ठेवलं होतं. मधल्या काळात संसार झाले, पोटं सुटली, गट थंडावला. आता इतक्या वर्षांनी नवा अल्बम निघत होता. सगळी गाणी झाली होती, फक्त पहिलं राहिलं होतं. आणि ते गटाच्या मुख्य गायकाच्या, तोफखान्याच्या गळ्यात अडकलं होतं.

तोफखाना आता गाडी शिकवायचा. दिवसभर शिकाऊंच्या शेजारी बसून “ब्रेक, ब्रेक!” ओरडायचा, त्यामुळे ज्यावरून हे नाव पडलं तो तोफेसारखा आवाज होता तसाच होता. दमच दगा देत होता. कडवं त्याने पंचविशीतली छाती धरून लिहिलं होतं आणि म्हणायचं होतं पन्नाशीतल्या छातीने.

“वाटलं होतं विझलो, राखेत गेलो नि...”

पुन्हा दमाची गाडी बंद पडली. काचेपलीकडून रेकॉर्डिंग करणारी त्याची भाची म्हणाली, “मामा, दोन तुकड्यांत घेऊ या. मी असं जोडते की देवालासुद्धा कळायचं नाही.”

“मला कळेल ना! आज सलग झालं तर ठीक, नाहीतर हे गाणं अल्बममधून काढून टाक.”

“पहिलंच गाणं काढायचं? मग अल्बम काय, बिनमुंडक्याचा काढू?”

कोपऱ्यातल्या दुसऱ्या माईकपाशी शेपट्या चष्म्याची काच पुसत उभा होता. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. हात रिकामा राहिला की काच पुसायची खोड. जुन्या गाण्यांत तोफखान्याच्या ओळीचा शेवटचा शब्द तो मागून म्हणायचा, म्हणून हे नाव. या वेळी त्याच्या वाट्याला फक्त ध्रुपद आलं होतं.

“तोफेतली दारू सर्दावलीय,” तो भाचीला म्हणाला. “मामीला सांग, जरा उन्हात घाल म्हणावं याला.”

“तू गप रे!”

ताल पुन्हा सुरू झाला. तोफखान्याने डोळे मिटले.

“वाटलं होतं विझलो, राखेत गेलो...”

“निजून!”

“फुंकर पडली एक आणि आलो बघा...”

“उठून!”

तोफखाना थांबला. “मध्ये कोण तडमडलं?”

“मीच,” शेपट्या ओशाळला. “सवय रे. तुझी ओळ संपत आली की तोंड आपोआप उघडतं. चुकलंच.”

“थांबा,” भाची म्हणाली. “मामा, हे ऐका.”

तिने तेवढाच तुकडा ऐकवला. शेपट्याच्या ‘निजून’खाली बारीकसा आवाज होता, तोफखान्याने घेतलेल्या श्वासाचा. पुढची ओळ कशी भरल्या छातीने उठली होती! त्याने भाचीला एक जुनं गाणं लावायला सांगितलं. तिथेही तेच. प्रत्येक ओळीच्या टोकाला शेपट्या, आणि त्याच्या आडोशाला आपला श्वास.

“म्हणजे तेव्हापण...?”

“मग? मी काय शोभेला होतो?” शेपट्याने चष्मा नाकावर चढवला. “तुला तेव्हाही दम कमीच होता, राजा. फक्त मिजास जास्त होती.”

भाची खुदकन हसली. तोफखान्याने तिच्याकडे रागाने पाहायचा प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही.

“पण हे ठिगळ नाही का?” त्याने हळूच विचारलं.

“दोघांनी एकदम म्हटलं, मध्ये काही तोडलं नाही, जोडलं नाही. मग ठिगळ कुठून आलं?” भाची म्हणाली.

तोफखान्याने शेपट्याचा माईक स्वतः उचलून आपल्या शेजारी आणला.

कडवं निघालं ते थेट शेवटापर्यंत. शेवटच्या ओळीला शेपट्यालाच धाप लागली, तेव्हा तो शब्द तोफखान्यानेच ठोकून दिला.

“झालं!” काचेपलीकडे भाचीने टाळी वाजवली. “आता जरा पाणी प्या दोघं म्हातारे.”

“म्हातारा असेल तुझा शेपटीकाका,” तोफखाना म्हणाला. खिशातून त्याने पुढच्या अल्बमसाठी खरडलेल्या ओळींचा कागद काढला आणि पेनासकट शेपट्याच्या हातात दिला. “खुणा कर. माझा दम कुठे संपतो ते माझ्यापेक्षा तुलाच ठाऊक.”