सोनं शोधणारी कंपनी आणि आमच्या वन्सं

ज्या दिवशी शेअर कोसळला, त्या दिवशी आमच्या पार्लरमध्ये तिघीजणी डोक्याला रंग लावून बसल्या होत्या. तिघींनी एकदमच फोनमध्ये डोकं घातलं, आणि मधल्या खुर्चीतली किंचाळली, "ताई, आपलं सोनं बसलं!"

"बसलं म्हणजे?" वन्संच्या हातातला ब्रश हवेतच थांबला.

"खाली बसलं! मटकन! आता एका शेअरमध्ये केसाची पिनसुद्धा येणार नाही!"

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. पार्लर त्यांचं. मी टॉवेल धुते, गल्ल्यावर बसते आणि वन्सं बोलत असल्या की फोन उचलते, म्हणजे फोन कायम मीच उचलते. बोलणं हा त्यांचा खरा धंदा. केस कापणं आपलं तोंडी लावायला. जुन्या मासिकात त्यांनी एका छोट्याशा कंपनीची जाहिरात वाचली होती. ही कंपनी कुठल्याशा डोंगरात भोकं पाडून सोनं शोधत होती. वन्संनी स्वतःची पुंजी त्यात घातली, आणि मग ज्या ज्या डोक्यावरून त्यांची कात्री फिरली त्या त्या डोक्यात तो डोंगर भरला. कुणाला त्यांनी आग्रह केला नव्हता. पण वन्सं नुसत्या साबणाबद्दल बोलल्या तरी माणूस तीन वड्या घेऊन जातो. बघता बघता आमची निम्मी गिऱ्हाइकं भागधारक झाली होती.

त्या दिवसापासून पार्लरचं रूप पालटलं. पूर्वी बायका सुना, सासवा आणि गुडघे यांच्याबद्दल बोलायच्या. आता ड्रायरखाली बसून ओरडायच्या, "ताई, डोंगराचं काय झालं?" आणि ड्रायरच्या आवाजात उत्तर ऐकू येत नाही म्हणून परत ओरडायच्या. वन्सं हसून वेळ मारून न्यायच्या, पण आरशात कुणाच्या नजरेला नजर देईनाशा झाल्या. एकदा दुपारी दुकान रिकामं असताना मला म्हणाल्या, "वहिनी, मी बुडाले तर बुडाले. पण ही सगळी माझ्या जिभेला लागून आली आहेत गं."

"मग जिभेलाच कामाला लावा," मी म्हटलं. "कंपनीची सभा आहे ना? जाऊन विचारा त्यांना तोंडावर."

सभेला आम्ही दोघी गेलो. गावाबाहेरच्या रस्त्यावर टायरचं दुकान होतं, त्याच्या वर दोन खोल्या, हेच कंपनीचं मुख्य कार्यालय. खोलीभर रबराचा वास, भिंतीवर डोंगराचा नकाशा, आणि पंखा असा की फिरायच्या ऐवजी नुसता कण्हत होता. प्लास्टिकच्या खुर्च्या कधीच भरल्या होत्या. आमच्या पार्लरमधल्या बायका होत्याच, शिवाय बेकरीवाला आणि त्याची बायको, आणि सगळ्यात पुढे एक निवृत्त बस कंडक्टर. त्यांना सगळे काका म्हणत. त्यांचा आवाज असा होता की खालच्या टायरवाल्यानंही मान वर केली असेल.

कंपनीचे अध्यक्ष उभे राहिले. उंच, किडकिडीत, कोट घातलेले, केस काळेभोर. ते म्हणाले, "आपल्याला अत्यंत आशादायक संकेत मिळत आहेत."

"संकेत राहू द्या," काका गरजले. "सोनं आहे की नाही तेवढं सांगा."

"त्या दिशेने धोरणात्मक पावलं..."

"पावलं नकोत! सोनं!"

मग काय, सगळेच उठले. बेकरीवाली टेबलावर हात आपटत होती. कुणी पोलिसांचं नाव काढलं, कुणी वकिलाचं, तर मागून कुणीतरी उगीचच "खिडकी उघडा" म्हणून ओरडत होतं. अध्यक्षांना दरदरून घाम फुटला. आणि त्यांच्या कानशिलावरून एक काळा ओघळ निघाला. मग दुसरा. दोन्ही ओघळ गालावरून उतरून पांढऱ्याशुभ्र कॉलरमध्ये शिरले.

वन्संनी माझं कोपर असं दाबलं की मी ओरडलेच.

"वहिनी, टॉवेल."

माझ्या पिशवीत टॉवेल असतोच. तो घेऊन वन्सं सरळ गर्दीतून पुढे गेल्या. सगळ्यांना वाटलं, आता ही बाई त्यांना बडवणार. वन्संनी अध्यक्षांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, मान मागे टाकली आणि बाटलीतल्या पाण्यानं कानामागचा रंग पुसायला लागल्या.

"स्वस्तातला रंग आहे," त्या म्हणाल्या. "आणि घरी स्वतःच लावलाय. मागे सगळी ठिगळं ठिगळं. आता डोळे मिटा."

आता आमच्या धंद्यातली एक गंमत सांगते. मान मागे टाकून डोक्याला कुणाचा तरी हात लागला की माणसाला खोटं बोलता येत नाही. नवऱ्याला न सांगितलेल्या गोष्टी बायका आम्हाला सांगतात. अध्यक्षांनी डोळे मिटले, एक लांब श्वास सोडला, आणि अख्ख्या सभेसमोर म्हणाले, "मला भीती वाटते हो."

"कसली भीती?" वन्संनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

"डोंगरातून काढलेला दगड खालच्या गोदामात पडून आहे. तपासायला पाठवलेलाच नाही मी. पाठवला आणि काहीच निघालं नाही तर? आत्ता निदान 'असेल' तरी म्हणता येतं. एकदा 'नाही' आलं की संपलंच ना सगळं."

"मी यांना कधीची सांगतेय!" मागच्या रांगेतून एक मुलगी ताडकन उठली. उन्हानं रापलेली, बुटांना माती लागलेली. ती कंपनीची भूगर्भशास्त्रज्ञ. दगड वाचायचं काम तिचं. "सगळ्या बॅगा भरून, सील करून ठेवल्यात. रोज म्हणते पाठवा, रोज म्हणतात उद्या!"

मला वाटलं, आता खरोखरच मारामारी होणार. तेवढ्यात काका म्हणाले, "आमची ही पण वजनकाट्यावर अशीच चढत नाही. म्हणते, जोपर्यंत बघत नाही तोपर्यंत मी बारीकच."

कुणीतरी खुदकन हसलं. मग बेकरीवाली हसली, आणि तिचं हसणं म्हणजे एकदा सुरू झालं की गाडीचा हॉर्न अडकल्यासारखं. तिच्या हसण्याला सगळे हसले. टॉवेलखालून अध्यक्षही हसले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते नेमकं कशाचं, ते काही कळलं नाही.

"बॅगा कुठे आहेत?" वन्संनी विचारलं.

"गोदामात."

"आणि तपासणारे?"

"शहरात. प्रयोगशाळा आहे," ती मुलगी म्हणाली.

वन्संनी टॉवेल झटकला. "मग आत्ताच नेऊ. कुणाकुणाची गाडी आहे?"

ठराव झाला असेल तर तो एवढाच. सगळ्यांनी हात वर केले, काहींनी दोन्ही.

गोदामात शंभर एक कापडी बॅगा असतील, प्रत्येक एखाद्या बाळाएवढी जड. आम्ही सगळे भागधारक रांगेत उभे राहून त्या एकमेकांच्या हातात देऊ लागलो. ती पोरगी मधून पळत होती आणि ओरडत होती, "सील तोडू नका! सील तुटलं तर सगळं फुकट!" एका आजीबाईंनी बॅग कानाशी नेऊन हलवली. "आजी, त्यात काही वाजत नाही!" काकांनी बेकरीच्या गाडीच्या दाराशी जागा धरली आणि जुना कंडक्टरी आवाज लावला, "पुढे सरका, पुढे सरका! मध्ये उभं राहू नका!" गाडीत माणसं नव्हती, बॅगा होत्या. तरी त्या भराभर सरकल्या, असं मला वाटलं.

पुढे पावांची गाडी, मागे दोन मोटारी, त्यामागे आमची स्कूटर, अशी वरात शहराकडे निघाली. स्कूटरवर वन्संच्या आणि माझ्या मध्ये एक बॅग होती. वन्सं वाऱ्यात ओरडून माझ्याशी बोलत होत्या आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं, तरी मी "हो ना, हो ना" म्हणत होते. चढावर बेकरीची गाडी धापा टाकायला लागली आणि थांबली. मागचं बूड पार रस्त्याला टेकलं होतं. मग सगळे उतरले आणि ढकलायला लागले. बेकरीवाल्याची बायको चाकाशी, काका "जोर लावा" म्हणायला, आणि त्यांच्या बाजूला अध्यक्ष, कोट काढून, बाह्या सारून. अर्धे केस काळे, अर्धे पांढरे, गळ्यात अजून आमचा टॉवेल. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघत होते. गाडी अचानक सुटली, आणि आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावर पडलो. अध्यक्ष सगळ्यांच्या खाली. वरून वन्सं ओरडल्या, "कंपनी वर जायला लागली हो!" मग कितीतरी वेळ कुणाला उठताच येईना. हसून हसून पोटात कळा.

प्रयोगशाळेतला माणूस दारात आला तेव्हा त्याच्यासमोर धुळीनं माखलेली पंधरावीस माणसं उभी होती, प्रत्येकाच्या कडेवर एक बॅग.

"हे कोण?" त्यानं त्या मुलीला विचारलं.

"भागधारक," ती म्हणाली.

"निकाल कधी?" काकांनी विचारलं.

"काही आठवडे लागतील."

"आठवडे? आम्ही थांबतो की इथे!"

त्यानं आम्हाला थांबू दिलं नाही. नुसता चहा पाजला आणि दार लावून घेतलं.

पुढचे आठवडे म्हणजे पार्लरमध्ये नुसता धुडगूस. केस कापायचे नसले तरी लोक यायचे. बेकरीवाला संपूर्ण टक्कल असलेला माणूस, तोही रोज येऊन खुर्चीत बसायचा. अध्यक्ष एकदा टोपी घालून आले आणि म्हणाले, नीट काळे करून द्या. वन्संनी काळा रंग धुऊन काढला, केस बारीक कापले आणि पांढरेच ठेवले. "हे बघा. आता कसे विश्वासू दिसता." अध्यक्ष आरशात बराच वेळ स्वतःकडे बघत राहिले. नंतर रोजच यायला लागले आणि जो विचारील त्याला सरळ सांगायचे, "मला माहीत नाही. कळलं की तुम्हाला सांगेन." गंमत म्हणजे या उत्तरानं लोकांचं समाधान व्हायचं.

मग एका सकाळी ती दगडवाली पोरगी धावत आत आली. बसथांब्यापासून पळत आली होती, तिला बोलताच येईना. पार्लर गच्च भरलेलं. वन्संनी हातातली रंगाची वाटी घट्ट धरली.

"सोनं..." ती म्हणाली, "आहे."

जी किंकाळी उठली तिनं शेल्फावरची बाटली पडली.

"ऐका, ऐका! आहे, पण अगदी चिमूटभर. काढायचा खर्च सोन्याहून जास्त!"

किंकाळी मधेच तुटली. वन्सं हळूच स्टुलावर बसल्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. खाली मान घालून एवढंच म्हणाल्या, "माझंच चुकलं हो सगळ्यांनो."

"अहो, पुढचं ऐका ना!" त्या मुलीला आता हसू आवरेना. "तांबं आहे! सोनं शोधत होतो म्हणून कुणी बघितलंच नाही. सगळ्या डोंगरात तांबं आहे, भरपूर, काढण्याजोगं!"

"तांबं म्हणजे वायरीतलं?" बेकरीवालीनं विचारलं.

"वायरीतलं, मोटारीतलं, सगळ्यातलं! जगाला हवंय!"

मग वन्सं उठल्या, त्या मुलीला कवेत घेतलं आणि गरागरा फिरवायला लागल्या. हातात वाटी आहे हे विसरूनच. आरसा, भिंत, माझी साडी, काकांचं टक्कल होत चाललेलं डोकं, सगळ्यांवर रंग उडाला. काकांनी पुसू दिला नाही. म्हणाले, "राहू दे. केस असल्यासारखं तरी दिसेल."

मोठ्या खाणीवाल्या एका कंपनीनं डोंगराचे हक्क मागितले. बरीच बोलणी झाली, अध्यक्षांनी एकही गोष्ट लपवली नाही, आणि सगळ्यांनी मिळून विकायचं ठरवलं. कुणी श्रीमंत झालं नाही. ज्यानं जे घातलं होतं ते परत मिळालं, वर थोडं चढून. पण बुडालं कुणाचंच नाही, आणि त्या पोरीला नव्या कंपनीनं डोंगराची मुख्य म्हणून ठेवून घेतलं.

सह्या व्हायच्या आदल्या दिवशी काकांच्या लक्षात आलं, की आपण डोंगर बघितलेलाच नाही. मग परत तीच वरात. डोंगर म्हणजे काय, गवतानं झाकलेला एक मोठा उंचवटा. वर चार शेळ्या. आम्ही धापा टाकत माथ्यावर गेलो. खाली नदी, लांबवर रस्ता, आणि वारा असा की अध्यक्षांची टोपी उडून गेली ती गेलीच.

"उद्यापर्यंत हा आपला आहे," वन्सं म्हणाल्या. "वहिनी, चल, पळू या."

"वन्सं, गुडघे!"

"गुडघ्यांचं उद्या बघू!"

त्यांनी माझा हात धरला आणि उतारावरून धाव घेतली. थांबता येत नव्हतं. मागून काका ओरडत होते, बेकरीवाली हॉर्नसारखी हसत होती, शेळ्या इकडेतिकडे उधळल्या. वन्सं धावता धावता काहीतरी बोलत होत्या, आणि मी "हो ना, हो ना" म्हणत होते.