झुंबरच्या गाण्यातली बाई

झुंबरचं नवं गाणं आलं त्या सकाळी बाहुबली मगदूमच्या घरातल्या कुकरची शिट्टी गेली. कुकर चालत होता. वाफ नेहमीसारखी वर येत होती, शिट्टी उचलली जात होती, फक्त आवाज होत नव्हता. त्याच्या बायकोने, राजमतीने, अंदाजाने गॅस बंद केला. डाळ बरोबर शिजली होती.

आवाज गाण्यात होता. बाहुबलीने दुकान उघडलं, कानात हेडफोन घातले आणि गाण्याच्या मध्यावर त्याला तो सापडला. मध्येच उचकी लागल्यासारखी तुटणारी शिट्टी. ती एकदा फरशीवर आपटली होती, तेव्हापासून अशीच वाजायची. तिच्या खाली झुंबरने ढोलासारखं काहीतरी घातलं होतं आणि दर उचकीला सगळं संगीत क्षणभर थांबत होतं. बाहुबलीला ते फार आवडलं.

त्याचं चष्म्याचं दुकान इचलकरंजीत मागांच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. दिवसभर मागांची खडखड चाले, म्हणून हेडफोन. झुंबर म्हणजे यंत्रांवर गाणी रचणारं कुणीतरी. बाई की पुरुष, गाव कुठलं, चेहरा कसा, कुणालाच ठाऊक नव्हतं. काही वर्षांपूर्वी बंगळूरला असलेल्या मुलीने, त्रिशलाने, मैत्रिणीला पाठवायचं एक गाणं चुकून बापाला पाठवलं. तिने ते लगेच पुसलं, पण तोवर त्याने ऐकलं होतं. पुढे तो फोनवरच्या ‘झुंबरची माणसं’ या मंडळात गेला. तिथे हजारो लोक दिवसभर झुंबरबद्दल बोलत. वयाने सगळ्यांत मोठा तोच असावा. सगळे त्याला चष्मेवाले काका म्हणत आणि डोळ्यांच्या नंबरांबद्दलही विचारत.

त्या दिवशी मंडळात शिट्टीवरून वाद पेटला. फ्यूज या नावाने लिहिणाऱ्या एकाचं म्हणणं, ही शिट्टी नव्हेच, बंद पडत चाललेला जुना कीबोर्ड आहे. कुणाला तो पक्षी वाटला. मंडळ सांभाळणारी मौक्तिका नांदेडला एका खोलीत एकटी राहून औषध कंपनीचं काम करायची. तिने लिहिलं, काही असो, हे ऐकलं की भूक लागते. बाहुबलीने सगळं वाचलं. आपल्या घरचा कुकर आहे हे त्याने सांगितलं नाही. आतल्या आत त्याला मान मिळाल्यासारखं वाटत होतं.

पुढच्या गाण्यात मागच्या दाराची करकर गेली, न्हाणीतल्या नळाची ठिबक गेली, फाटकाची कडी गेली. बाहुबली घरभर फिरून एकेक वस्तू हलवून बघे आणि मग गाण्यात ती शोधे. राजमती म्हणाली, घर जरा शांत झालंय, बरं वाटतं. तो फोनमध्ये बघत होता. त्याने हुंकार भरला.

तिसऱ्या गाण्यात राजमतीचा आवाज गेला.

ती भाकरी थापत होती. तिचे ओठ हलले आणि काही ऐकू आलं नाही. तिने हात पुसले, पुन्हा काहीतरी म्हणून पाहिलं, मग तव्यावरची भाकरी करपू नये म्हणून आधी ती उलटली. बाहुबलीने हेडफोन घातले होते आणि त्याच्या कानात तीच बोलत होती.

“दार ओढून घ्या, मांजर यायलंय, आणि...”

एवढंच. ‘आणि’पाशी तिचा आवाज ताणला जाई, बारीक बारीक होत एका लांब सुरात मिसळे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. दार ओढून घ्या. मांजर यायलंय. आणि.

असं गाणं झुंबरने आजवर केलं नव्हतं, असं सगळ्यांनी लिहिलं. ही बाई कोण, यावर मंडळात दिवसभर दुसरं बोलणं नव्हतं. ‘यायलंय’वरून नांदेडकर म्हणाले ती आमची, कोल्हापूरकर म्हणाले आमची. कुणी म्हणालं, ही झुंबरची आई. कुणी त्या वाक्याचे सदरे छापून घेतले. परदेशात शिकणाऱ्या एकाने लिहिलं की आपण ते झोपताना लावतो, म्हणजे घरात कुणीतरी जागं आहे असं वाटतं. मौक्तिकाने लिहिलं, “मला आजवर कुणी दार ओढून घ्यायला सांगितलेलं नाही. आता मी रोज ओढून घेते.”

बाहुबलीने मागे वळून पाहिलं. मागचं दार उघडं होतं. ते त्याने लग्नापासून एकदाही ओढून घेतलेलं नव्हतं. मांजर ओट्याखाली बसून दूध पीत होतं.

राजमतीने हात पुढे केला. त्याने फोन दिला. तिथेच उभं राहून तिने सगळं वाचलं, वर गेलेलं खाली आणून पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी तिने त्याला खुणेने आपल्यालाही मंडळात घालायला सांगितलं. त्याने तिला तिच्या फोनवर घातलं आणि लिहिलं, ही माझी पत्नी, आवाज हिचाच. लोकांनी पुरावा मागितला. ती बोलू शकत नव्हती, म्हणून त्याने मांजराचा फोटो टाकला. गाण्यात ऐकू येतं तसंच ते मांजर होतं, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

मग लोक तिच्याशी बोलायला लागले. राजमती दुपारभर एका बोटाने उत्तरं लिही. मांजर कुणाचं, दार कुठल्या दिशेला, तुम्ही भाकरीला पाणी गरम घेता का गार. कुणाला ताप आला तर काय प्यावं ते ती सांगे, कुणाची परीक्षा असली तर आठवणीने विचारी. त्रिशलाचा फोन आला की ती गाणं लावून फोनजवळ धरी. त्रिशला पलीकडून ते पूर्ण ऐके आणि ‘ठेवते’ म्हणे.

फक्त एका प्रश्नाचं उत्तर ती देत नव्हती. ‘आणि’च्या पुढे काय? सगळं मंडळ तेच विचारत होतं. शेवटी मौक्तिकाने बाहुबलीलाच विचारलं, काका, तुम्ही समोर होतात ना? तो समोर होता. हेडफोन घालून होता. त्याने राजमतीकडे फोन धरला आणि काय म्हणालीस ते लिही म्हणून विनवलं. तिने थोडा विचार केला आणि लिहिलं:

“तुम्हाला सांगितलंय मी.”

मग त्याने गाणं हळू लावून ऐकलं, उलटं लावून ऐकलं. फ्यूजने कुठल्याशा यंत्रातून त्यातलं सगळं संगीत काढून टाकून त्याला नुसता आवाज पाठवला. ‘आणि’च्या पुढे एक श्वास होता. श्वासाच्या पुढे काही नव्हतं. बाहुबलीला दुकानात लक्ष लागेना. अक्षरांच्या तक्त्यापुढे बसलेलं गिऱ्हाईक ओळ वाचून थांबलं की हा विचारी, आणि? त्याने ठरवलं की झुंबरला लिहायचं, आवाज परत मागायचा. पाठवण्याआधी त्याने मजकूर राजमतीला दाखवला. तिने तो पुसला आणि त्याच जागी लिहिलं:

“राहू दे. तिथं ऐकतात.”

त्यानंतरचं गाणं छोटं होतं. त्यात राजमतीचा आवाज पुन्हा होता, आणि तिच्या प्रत्येक शब्दानंतर एक पुरुष म्हणत होता, “हं.” दार ओढून घ्या, हं. मांजर यायलंय, हं. मंडळ खवळलं. हा कोण माणूस, याला बाहेर काढा, झुंबरला हे का सुचलं असेल, असं लोक लिहीत राहिले. एकाने लिहिलं की हा ‘हं’ ऐकला की अंगावर गार पाणी पडतं. बाहुबली दुकानाचं शटर अर्धं ओढून वाचत बसला. मौक्तिकाने त्याला वेगळं लिहिलं, सगळ्यांसमोर नाही.

“काका, हे तुम्ही आहात का?”

त्याने लिहिलं, हो. मग तिने विचारलं, जेवलात का.

त्या दिवसापासून बाहुबलीला ‘हं’ म्हणता येईना. बाकी त्याचा आवाज शाबूत होता. घरात त्याच्याकडून तेवढंच होतं, तेवढंच गेलं. राजमतीने खुणेने काही विचारलं की सवयीने तो तोंड उघडी, काही निघत नसे, आणि ती वाट बघत उभी राही. मग त्याला पुरं वाक्य बोलावं लागे. मी सहाच्या आत येतो. आमटीत मीठ बरोबर आहे. त्रिशलाला यायला सुट्टी नाही, असं ती म्हणाली, पण मला वाटतं तिला यायचं नाही. हे शेवटचं बोलून झाल्यावर त्याला स्वतःलाच धक्का बसला. राजमतीने मान हलवली. तिला ते आधीपासून माहीत होतं.

ती बोलायची मात्र थांबली नव्हती. ओठ दिवसभर हलत असत. ते बघायचे तर समोर थांबावं लागे, म्हणून तो थांबू लागला. आधी ‘पाणी’ कळलं, मग ‘दूध’, मग शेजारणीचं नाव. ‘मांजर’ फार सोपं होतं. एका संध्याकाळी, ऊन अजून परसात असताना, ती भाकरी थापत होती. परातीत तिचे हात आपटत होते आणि त्यांचाही आवाज होत नव्हता. दार उघडं होतं. तिने मान न वळवता ओठ हलवले. दार. ओढून. घ्या. मांजर यायलंय. आणि. बाहुबलीने श्वास धरला.

“आणि बसा जरा इथं.”

त्याने दार ओढून घेतलं. मग ओट्याशेजारचा पाट भिंतीपासून थोडा पुढे ओढला आणि बसला. तिने पहिली भाकरी उतरवली, तिच्यावर तूप घातलं आणि त्याच्यापुढे ठेवली. तव्याची धग त्याच्या चेहऱ्याला लागत होती. इतकी वर्षं या घरात राहून, या जागेवरून खिडकीतून काय दिसतं ते त्याला ठाऊक नव्हतं. एक पेरूचं झाड दिसत होतं.

मंडळाला त्याने हे सांगितलं नाही. तिथे अजून तर्क चालूच होते. तो रोज जेवणाच्या आधी पाटावर बसू लागला आणि राजमती त्याला माहेरचं, शेजारचं, मंडळातल्या लोकांचं सांगू लागली. फ्यूजचं लग्न मोडलंय हे त्याला तिच्या ओठांवरून कळलं.

मग मौक्तिका आली. न कळवता, पाठीला पिशवी लावून. दारातच तिने चपला काढल्या, आत आल्यावर दार ओढून घेतलं आणि रडली. नांदेडहून इतक्या लांब काय काम काढलंस, असं बाहुबलीने विचारलं.

“काम काही नाही काका. माझ्या खोलीत आवाजच नाहीत,” ती म्हणाली. “झुंबरला माझ्याकडून न्यायला काही नाही.”

राजमतीने तिला हाताला धरून आत नेलं आणि पाटावर बसवलं. मौक्तिका गेली नाही. कंपनीचं काम ती ओट्याच्या कडेला बसून करी. तिने लिहिलं असावं, कारण पुढच्या आठवड्यात फ्यूज आला. तो चांगला पन्नाशीचा, टक्कल पडलेला, शांत माणूस निघाला. मग परदेशात शिकणारा तो, मग सदरे छापणाऱ्या दोघी बहिणी, मग ज्यांची नावं कुणालाच ठाऊक नव्हती असे बरेच. येणाऱ्या माणसागणिक स्वयंपाकघर एका फरशीने लांब झालं. गॅसचा ओटा जागचा हलला नाही, पण खिडकी दूर दूर गेली आणि पेरूचं झाड बोटाएवढं दिसू लागलं. पंगत भिंतीपासून भिंतीपर्यंत बसे. सूर्य मावळायच्या आत जेवणं आटपायची, हा मगदुमांच्या घरचा रिवाज सगळ्यांनी आपणहून पाळला. बाहुबली वाढत असे. त्याला हेडफोनची आठवण येत नसे.

एके दिवशी पंगत भरात असताना सगळ्यांचे फोन एकदम थरथरले. झुंबरचं गाणं आलं होतं. लोकांनी हात पुसले, कानांत हेडफोनची बोंडं घातली. मौक्तिकाने आपल्या जोडीतलं एक बाहुबलीच्या कानात बसवलं. तो आमटीचं पातेलं घेऊन तसाच उभा राहिला.

गाण्यात ताटं वाजत होती. वाट्या, पेले, कुणाचा तरी ठसका, दोघी बहिणींचं हसणं, पुरे पुरे म्हणणं, अजून घ्या म्हणणं. भरलेलं घर होतं. आणि त्याच्यासमोर एकेक आवाज जात होता. पेला खाली ठेवला गेला आणि वाजला नाही. बहिणी हसत होत्या, त्यांचे खांदे हलत होते. फ्यूज काहीतरी सांगत होता. सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघत होते आणि कुणाच्याही चेहऱ्यावर भीती नव्हती. पंगतीच्या शेवटच्या टोकाला राजमती त्याच्याकडे पाठ करून तव्यापाशी उभी होती. तिचे ओठ दिसत नव्हते.

गाणं थांबलं. मग फक्त तिचा आवाज आला, मागे कसलंही संगीत नसलेला. त्याच क्षणी कुठे कुठे, किती घरांत तो ऐकला जात होता कुणास ठाऊक.

“बाहुबली,” ती म्हणाली.

लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर तिने हे नाव कधी उच्चारलं नव्हतं. पंगतीत ते कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांनी घास थांबवले आणि हा कोण म्हणून एकमेकांकडे, मग दाराकडे पाहिलं.

बाहुबलीने पातेलं खाली ठेवलं आणि हजेरीला करतात तसा हात वर केला.