ओंजळभर कणी

मी तशी विसरभोळी. दूध तापत ठेवून विसरते, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते. पण वैजयंतीताईंनी सहा वर्षं मला खायला घातलेली कणी मी विसरले नाही. विसरायची इच्छाही नव्हती.

वैजयंतीताई माझ्या थोरल्या जाऊबाई. करोल बागेत दिरांचं सोनं गाळण्याचं दुकान, वर घर. माझे मिस्टर फौजेत, सीमेवर, म्हणून मी त्यांच्याकडे राहायचे. गावाहून तांदळाची पोती यायची आणि निवडायला मी बसायचे. तांदळातलं काही वाया गेलेलं ताईंना खपायचं नाही. धुवण झाडांना, पेज दिरांच्या झब्ब्यांना खळ म्हणून, चाळलेला कोंडा गाईला, अख्खा दाणा घरच्यांच्या ताटात. मोडकी कणी, तीही अर्धकच्ची, माझ्या ताटात. पोटुशी असताना एकदा मी मोकळा भात मागितला. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आधी कणी संपव, मग भात वाढते." माझी कणी संपेपर्यंत पातेलं रिकामं झालेलं असायचं. मग मी मागणंच सोडलं.

आता फरीदाबादला आमचं स्वतःचं घर आहे आणि मी पोटभर भात खाते. गेल्या हिवाळ्यात ताईंचा फोन आला. "ममता, माझ्या क्षिप्राच्या लग्नाच्या अक्षता तूच कर हं. तांदूळ निवडण्यात तुझा हात धरणारं कोणी नाही."

पत्रिका त्यानंतर चार दिवसांनी आली.

करोल बागेत जाऊन मी तांदूळ निवडत बसले असताना क्षिप्रा डोकावली. "काकी, इतकं काय बघतेस यार? चावल तो चावल है."

"अक्षता म्हणजे न मोडलेला दाणा, बाळा. मोडका दाणा नवरीवर पडू देत नाहीत, अपशकुन मानतात."

"अच्छा," म्हणून ती मोबाइल बघत निघून गेली. पोरगी गोड आहे, तिच्याशी माझं काही वाकडं नव्हतं. तिच्यासाठी मी तीनशे लाल बटवे अख्ख्या दाण्यांनी भरले. एक हिरवा, जरीकाठी बटवा तेवढा कणीने भरला. कुंकू मात्र सगळ्यांना सारखंच लावलं.

नोएडाच्या हॉलमध्ये अंतरपाट धरला गेला. नवरीमागे ताई, शेजारी साताऱ्याच्या विहीणबाई. हिरवा बटवा मी स्वतः ताईंच्या हातात दिला आणि अक्षतांचं ताट घेऊन त्यांच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले.

पहिलं मंगलाष्टक झालं. ताईंनी तळहातावर अक्षता घेतल्या, पाहिल्या आणि मूठ गच्च मिटली. तांदळाची पारख त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला असणार? सगळ्यांचे हात उठले, त्यांचा उठला नाही. दुसऱ्या मंगलाष्टकालाही नाही. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"टाका ना अक्षता, विहीणबाई," साताऱ्याच्या बाई म्हणाल्या. "लेकीवर आईची अक्षता पडायला नको का?"

ताई माझ्याकडे झुकल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. "ममता, तुझ्या ताटातल्या दे. पटकन."

मी ताट थोडं मागे घेतलं आणि हळूच म्हटलं, "आधी कणी संपवा, ताई. मग देते."

त्यांना आठवलं. चेहऱ्यावरून कळलंच. भटजींनी शेवटच्या मंगलाष्टकासाठी आवाज चढवला. ताईंनी एकदा लेकीच्या मुंडावळ्यांकडे पाहिलं, पदर तोंडापुढे धरला आणि मूठ तोंडात रिकामी केली. विहीणबाईंना वाटलं, आईला हुंदका आला. मला मात्र कच्ची कणी दाताखाली मोडल्याचा आवाज नीट ऐकू येत होता. तो मला पाठ आहे.

त्यांनी गिळली. ओठांना कुंकू लागलं होतं. मग माझ्यापुढे ओंजळ धरली.

मी ती काठोकाठ भरली. पातेलं रिकामं झालं, असं मी म्हणाले नाही. "सावधान" झालं आणि ताईंनी लेकीवर अक्षता टाकल्या. त्यांत एकही दाणा मोडका नव्हता. सहा वर्षं निवडत होते मी.