दोघांची होडी

मित्रांनो, तळ्याकाठच्या शेडमध्ये पालथी पडलेली ही होडी म्हणजे मी. एके काळी मला बघायला काठावर गर्दी व्हायची, हे आज सांगून खरं वाटणार नाही.

एका म्हाताऱ्या सुतारकाकांनी मला हलक्या लाकडातून घडवलं. जागा दोनच ठेवल्या. एकीवर चिमणी नावाची मुलगी बसायची, दुसरीवर लंबू नावाचा मुलगा. शाळेपासूनचे जिवलग. चिमणीचे वडील गेले, तेव्हा कितीतरी दिवस तिच्या आईचा बाजारहाट लंबूच करायचा. दोघांची वल्ही अशी एकदम पाण्यात पडायची, की वल्हवायला शिकवणारे सर म्हणायचे, "अरे, एकाच श्वासावर चालता की काय!" शर्यतींत बक्षिसं मिळाली, कौतुक झालं. मीही चकचकीत होते.

मग एका सकाळी, तळ्याच्या मध्यावर, लंबूने वल्ही थांबवली.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर."

चिमणीने आपलं वल्हं आत घेतलं. "तू माझा सगळ्यात जवळचा मित्र आहेस. पण तसं माझ्या मनात नाही रे. खोटी आशा नाही लावणार."

"बरं," तो म्हणाला. पण ते बरं नव्हतंच. तो रागाने वल्ही ओढू लागला, मी हेलकावे खाऊ लागले. शेवटी एकदा त्याचा बांध फुटला. "इतकी वर्षं तुझ्यासाठी केलं, त्याचं काय?"

"मैत्री म्हणून केलंस ना? की तेव्हापासूनच मोबदला हवा होता?"

त्याने मला काठाला लावलं आणि तो निघून गेला. मोठ्या शर्यतीला तो आलाच नाही. चिमणी माझ्यात एकटी बसून राहिली, बाकीच्या होड्या सुटल्या. काठावरची पोरं फिदीफिदी हसली. 'हिने मला खेळवलं,' असं लंबूने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

पुढे ती सामान न्यायला शेडमध्ये आली, तेव्हा तो दारात उभा.

"चुकलो गं. पुन्हा सुरू करू या?"

"तुला वाईट वाटलं, ते समजतं मला. पण माझं नाव का खराब केलंस?"

ती गेली. त्याने मला परत हात लावला नाही. माझं वार्निश उडालं, तळाला फट पडली.

मित्रांनो, कोणी नाही म्हटलं तर रडा, रुसा, चार दिवस तोंड फिरवा. पण त्या माणसाची बदनामी करू नका. आणि जमलं तर माझ्याकडे या. ही फट अजून बुजण्यासारखी आहे. फक्त लंबूला पाठवू नका.