होडी दर्यात आणि मी फळीवर

मी केकचा साचा बोलतोय. जरा हळू बोलतो, कारण शेजारच्या खोलीत चंद्रावतीबाई डोळे मिटून बसल्या आहेत आणि त्यांना आज कसलाच आवाज नको आहे. मलाही नको आहे. मी मुळात घाबरट. ॲल्युमिनियमचा आहे, पण काळीज मेणाचं.

पत्रा ठोकून मला घडवला तेव्हा माझ्या अंगात बारा पाकळ्या पाडल्या आणि मधोमध एक नळी उभी केली. मग डहाणू रोडला मोतीरामशेठच्या भांड्यांच्या दुकानात मी आठ महिने टांगून होतो. एके दिवशी एक मुलगी आली. दक्षा. तिने मला उजेडात धरलं, एकेक पाकळी बोटाने तपासली, आणि म्हणाली, "ही जरा चेपलीय का हो?"

"अहो ताई, भिंग आणू का?" मोतीरामशेठ हसले. "घ्या बिनधास्त. आयसिंग नको, क्रीम नको. पीठ ओता, भाजा, पालथा घाला. नक्षी आपोआप उमटते."

सोपं आणि देखणं. तिला हेच हवं होतं.

दक्षा तलासरीकडच्या झरीची, शेतकऱ्याची पोर. कॉलेजात हितेशशी जमलं आणि लग्न होऊन वाढवणला मासेमाराच्या घरात आली. घरात सुकटीचा वास, अंगणात जाळी, आणि हिला वेड केकचं! चिकूचा गर, रवा, दूध, गूळ, वेलची, एवढंच सामान. एका पातेल्यात ढवळायचं. पण माझ्या पाकळ्यांना ब्रशने तूप लावायला ती अर्धा तास घ्यायची. ओव्हनमधून काढलं की घड्याळ लावून बरोब्बर दहा मिनिटं थांबायची. कमी थांबलं तर केक मोडतो, जास्त थांबलं तर गूळ धरतो आणि चिकटतो. मग ताटली ठेवून मला पालथा घालायची. त्या क्षणी माझी पाचावर धारण बसायची. एखादी पाकळी माझ्यातच राहिली तर?

राहायचीच. कधी एक, कधी नुसतं टोक. झालं! बाईसाहेबांचं तोंड एवढंसं. अख्खा केक कोंबड्यांना.

हितेश दारात उभा राहून विनवायचा, "अगं, तुटका दे ना. पोटात गेल्यावर कोण पाकळ्या मोजतंय?"

"नाही. अख्खा निघेल तेव्हाच तुला देईन."

कोंबड्या मात्र गुबगुबीत झाल्या. वर्ष सरत आलं, आणि हितेशने बायकोच्या हातच्या केकचा एक घासही खाल्ला नव्हता.

गेल्या ऑक्टोबरात लग्नाचा पहिला वाढदिवस होता. हितेश दोन दिवसांसाठी बोट घेऊन गेला होता, सकाळी परतणार होता. दक्षा पहाटेच उठली. त्या दिवशी केक असा फुगला की मलाच माझा अभिमान वाटला. दहा मिनिटं भरली. तिने ताटली ठेवली, आणि मला पालथा घातला.

तेवढ्यात चंद्रावतीबाई आत आल्या. या तिच्या सासूबाई. त्यांनी मला पाहिलं आणि किंचाळल्या, "अगो बाय, काय केलंस हे! सरळ कर आधी, सरळ कर!"

दक्षाने घाबरून मला झटकन सुलटा केला. केक अजून माझ्या आतच होता.

"होडी दर्यात असताना घरात भांडं पालथं घालत नाहीत," बाई म्हणाल्या. "भांडं पालथं, होडी पालथी. माझ्या सासूने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तुला सांगायची राहिले बघ."

दक्षाच्या माहेरी घासलेली भांडी अंगणात पालथीच घालतात. तिला काय ठाऊक! इथे भांडी घासून लावायच्या त्या सासूबाईच, आणि वर्षभर तिने केक केले ते नेमके हितेश घरी असताना, त्याला द्यायचे म्हणून. म्हणून हे कधी निघालंच नव्हतं.

"आई, असं काही नसतं हो," ती म्हणाली. पण मला तिने पुन्हा पालथं घातलं नाही.

नऊ वाजले. बरोबर गेलेल्या बाकीच्या तीन होड्या किनाऱ्याला लागल्या, हितेशची नाही. त्यातल्या एका होडीचा तांडेल, सुक्या, दारात येऊन डोक्यावरचा रुमाल काढून उभा राहिला. "काल दुपारपासून दिसली नाही, काकी. वारा लय फिरला होता. फोन पण लागत नाही."

माझ्या पोटातला केक गरम होता, तरी मी गार पडलो. मीच तो! मीच पालथा झालो होतो. एक श्वासभर का होईना, झालो होतो. मी साधं भांडं, मला देवधर्म कळत नाही. पण त्या दिवशी मी दर्याची क्षमा मागितली. नारळ तर माझ्याकडे नव्हता. मनात म्हटलं, माझ्या बाराही पाकळ्या चेप, मला भंगारात घाल, पण त्या पोराला आण.

दक्षा दिवसभर माझ्यासमोर बसून होती. जेवली नाही. मध्येच म्हणाली, "एक तुकडा दिला असता तर काय बिघडलं असतं माझं?" आणि ओठ चावून रडली. चंद्रावतीबाईंनी तिला जवळ घेतलं. रागावल्या नाहीत. त्यांनाही रडायला जवळ कोणीतरी हवं होतं.

दिवेलागणीला किनाऱ्यावर आरडाओरडा झाला. हितेशच्या होडीच्या पंख्यात जाळं गुंतून इंजिन बंद पडलं होतं. दुसऱ्या एका बोटीने तिला दोर बांधून ओढत आणलं. हितेश भिजलेला, थंडीने काकडलेला, पण जिवंत.

त्याने चहा घेतल्यावर चंद्रावतीबाईच म्हणाल्या, "दक्षा, आता घाल पालथं. पोर घरात आलं माझं."

मला पालथा घातला. ठोकलं, हलवलं. अर्धा केक ताटलीत पडला, तोही चुरा. अर्धा माझ्यातच. दक्षाने कोंबड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने बोटांनी माझ्या पाकळ्या खरवडल्या आणि एकेक तुकडा नवऱ्याच्या तोंडात घातला.

"हा अख्खा निघाला का?" हितेशने डोळे मिचकावले.

"गप खा," ती म्हणाली. तेव्हापासून तुटक्या केकलाही या घरात ताट मिळतं.

हे सगळं आज का सांगतोय? कारण आज पुन्हा हितेश दर्यात आहे. दुपारी यायचा होता. दक्षाने त्याच्यासाठी केक भाजला, मला या फळीवर ठेवला आणि किनाऱ्यावर गेली. जाताना तिने घड्याळाकडे पाहिलं नाही. मघाशी झावळ्या सळसळायला लागल्या. वारा फिरलाय.

दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली. केक माझ्या पोटात गार झालाय, गूळ धरत चाललाय. बाराही पाकळ्या चिकटतील. चिकटू देत. तुमच्यापैकी कोणी स्वयंपाकघरात आलंच, तर मदत म्हणूनसुद्धा मला हात लावू नका. मला असाच राहू द्या, तोंड वर करून. दारात त्याची पावलं वाजेपर्यंत.