नातीचं बाळसं

माधवरावांना जगातल्या प्रत्येक रोगावर मत होतं आणि एकाही रोगाची माहिती नव्हती. साताऱ्याहून लेकाकडे चेन्नईला राहायला आल्यापासून दहा वर्षांच्या नातीला, इराला, खाऊ घालणं हाच त्यांचा पराक्रम. सोनोग्राफीत तिच्या लिव्हरवर चरबी दिसली तेव्हा ते हसले.

"खात्यापित्या घरचं बाळसं आहे ते!"

देवेशही हसला. गिंडीच्या कारखान्यात दिवसभर गाड्यांचे ब्रेक तपासणारा हा इंजिनियर बापाचं एकही वाक्य कधी तपासत नसे. त्याच्या बायकोला, अदितीला, दोघांच्या त्या एकसारख्या हसण्याची शिसारी आली.

एग्मोरच्या दवाखान्यात इराच डॉ. श्रीलक्ष्मींना म्हणाली, "जिना चढताना छातीत फडफडतं."

"घरी का नाही बोललीस?" अदितीने विचारलं.

"आजोबा म्हणाले असते, शाळा बुडवायची नाटकं."

डॉक्टरांनी ईसीजी काढला. "लिव्हरवर चरबी असलेल्या मुलांत कधीकधी हृदयाच्या तालावरही परिणाम दिसतो. प्रत्येक ठोक्यानंतर हिचं हृदय सावरायला जरा जास्त वेळ घेतंय. घाबरू नका, पण काही औषधांनी हा वेळ आणखी लांबतो, ताल बिघडू शकतो. मला विचारल्याशिवाय अँटिबायोटिकही देऊ नका."

अदितीने घरी हे शब्दन् शब्द सांगितलं.

"म्हणजे लिव्हरला सर्दी झाली की हृदय शिंकतं होय?" माधवराव म्हणाले. देवेशने इमानेइतबारे दाद दिली.

पुढच्या आठवड्यात इराला खोकला झाला. अदिती ऑफिसातून आली तर माधवराव स्वतःची उरलेली अँटिबायोटिकची गोळी नातीच्या हातावर ठेवत होते. तिने ती उचलून बेसिनमध्ये भिरकावली.

"सूनबाई, चार पोरं वाढवली मी, औषधाचा थेंब न देता!"

"मग हिलाच का देताय? डॉक्टर तर तुम्ही नाहीच, बाबा. आजोबा होणंही जमलं नाही. छाती फडफडते हे पोरीला परक्या बाईला सांगावं लागलं."

"अगं, जरा हळू," देवेश पुटपुटला.

त्याच्याकडे न बघता तिने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दुसरं औषध दिलं, खोकला गेला. माधवराव मात्र अपमान झाल्याचं सांगत साताऱ्याला निघाले. अदितीने थांबा म्हटलं नाही.

पुढच्या तपासणीला देवेश आला. छातीला वायरी लावलेली लेक पाहून त्याचा चेहरा उतरला. तो भराभर काहीतरी विचारू लागला.

"पप्पा," इरा म्हणाली, "आता गप्प बसायचं असतं."

तो बसला.