एका नावाचा कागद

सुतार चौकटीला रंधा मारत होता, तेवढ्यात पोस्टमननं पाकीट पुढ्यात टाकलं.

"तुझंच नाव आहे बघ," म्हणाला आणि सायकलवर टांग मारून गेला.

आता गावात त्या नावाची माणसं तीन, आडनावासकट. एक हा सुतार, एक शाळेचा मास्तर आणि एक मेंढरंवाला. गाव धंद्यावरून हाक मारायचं, म्हणून घोटाळा होत नसे. पण सरकारी कागदाला धंदा कुठं ठाऊक? मागं छाती तपासायची गाडी आली होती, तेव्हा तिघांनीही फोटो काढून घेतला होता.

सुतारानं पाकीट फोडलं. छातीत क्षयाचा डाग आहे, ताबडतोब दवाखान्यात या. त्यानं रंधा बाजूला ठेवला. मग नजर वयावर पडली. अठ्ठावन्न. तो पंचेचाळिशीचा, मास्तर तिशीतला. म्हणजे मेंढरंवाला!

सुतार एकटाच हसला. पोटभर हसला.

चारच दिवसांपूर्वी मेंढरांनी त्याचा कोवळा मका फस्त केला होता. दोघं एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. 'येऊ दे माफी मागायला, मग देतो कागद,' असं म्हणून त्यानं पाकीट हत्यारांच्या पेटीत टाकलं.

आठ दिवसांत राग विरला. पण आता 'इतके दिवस काय करत होतास?' म्हणून विचारलं, तर काय सांगायचं? उद्या देऊ, उद्या देऊ करत महिना गेला.

एक दिवस जेवताना बायको म्हणाली, "मेंढरंवालीलाही खोकला लागलाय हो. विहिरीवर घागर उचलवेना तिला."

सुतार ताटावरून उठला. पेटी उघडली आणि उन्हातच माळावर गेला. मेंढरंवाला बाभळीखाली खोकत बसला होता. सुतारानं कागद वाचून दाखवला.

"कधी आला?"

'काल' हा शब्द अगदी जिभेवर होता.

"महिना झाला."

मेंढरंवाल्यानं काठी जवळ ओढली. "मक्यापायी?"

"मक्यापायीच," सुतार म्हणाला.

"तिला नेतो दवाखान्यात," काठी टेकत उठत मेंढरंवाला म्हणाला. "तू मेंढरं बघ."

तिलाही तेच निघालं. दोघांची औषधं सहा महिने चालली. सहा महिने सुतारानं मेंढरं राखली, पाणी भरलं, त्यांच्या झोपडीला खिडकी पाडून दिली. रंधा गंजला. गाव कौतुकानं म्हणायचं, "नावाचा भाऊ, पण सख्ख्याच्या वर केलं!" मास्तरनं तर शाळेत पोरांना त्याचं उदाहरण दिलं. सुतार रस्ता सोडून बांधाबांधानं जाऊ लागला.

शेवटची गोळी संपली, त्या दिवशी मेंढरंवाला माळावर आला. अंगावर मांस धरलं होतं त्यानं. सुतारानं काठी त्याच्या हातात दिली, पण पाय निघेना.

"गावाला सांगून टाक ना रे एकदा," तो म्हणाला. "मला ऐकवत नाही ते कौतुक."

मेंढरंवाल्यानं कळपाकडं तोंड फिरवलं.

"सांगितलं तर तू मोकळा होशील," तो म्हणाला. "माझी बायको अजून विहिरीचा चढ चढताना थांबते. राहू दे तसंच."